उत्तम वस्त्र

सोलापूर,
८ जानेवारी १९२५

ती. सौ. अनसूयाआत्यास,

साष्टांग नमस्कार. कचेरीत टेबलाखाली जागा नाही, म्हणून बसूनच घातला असं समज.

नोकरी लागून सहा महिने झाले. आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर म्हणजे दुसऱ्यांच्या मोऱ्या बघून त्याबद्दल इंग्रजीत लिहिणारा माणूस. पुढच्या आठवड्यात गड्ड्याच्या यात्रेत पाण्याच्या टाक्या राखायला माझी नेमणूक आहे. देवदर्शन होईलसं वाटत नाही.

पत्राचं कारण नारू. तुझ्या घरी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे दर उन्हाळ्यात तो पाहिला आहे. पायाला फोड येतो, फुटतो, आतून पांढरा दोरा डोकं काढतो, आणि माणूस तो काडीला गुंडाळत, रोज बोटभर ओढत, दोन महिने अंथरुणाला खिळतो. आतोबांनी एका चैत्रात एका पायावर उभं राहून आरती केली होती. आपण त्याला देवाचा कोप म्हणत होतो. तो कोप नसून पाणी आहे. बारवेच्या पाण्यात तिळापेक्षा बारीक किडे असतात, त्यांच्या पोटात नारूचं पिल्लू असतं. ते पाण्याबरोबर आपल्या पोटात जातं, वाढतं, आणि पायातून निघतं. तो पाय घेऊन माणूस पुन्हा बारवेच्या पायऱ्या उतरतो, पाण्यात उभा राहतो आणि नवी पिल्लं सोडून येतो. पाणी कापडातून गाळलं की किडा वर राहतो, आणि खेळ संपतो. हे पुस्तकात येऊन वीस वर्षं झाली. आमची कचेरी निंबहळ्ळीपासून आठ कोसांवर आहे, म्हणून अजून तिथे पोचलेलं नाही.

सोबत पन्नास पत्रकं पाठवतो. इंग्रजीवरून मराठी मी स्वतः केलं आहे. मुख्य वाक्य असं: "शुद्ध व उत्तम वस्त्राने गाळूनच जलप्राशन करावे." आमचे हेडक्लार्क शिवयोगी म्हणाले, नाटकात शोभेल. पाटलाने दवंडी दिली तर लोक हसतील, तू सांगितलंस तर ऐकतील. आणि माघात यशोदा पहिल्या बाळंतपणाला येते आहे. तिच्या तोंडात न गाळलेला घोटही जाऊ देऊ नकोस, एवढं मागतो.

तुझा,
यज्ञेश्वर


निंबहळ्ळी, पो. वळसंग,
संक्रांतीनंतर चार दिवसांनी

चि. यज्ञास आशीर्वाद.

तीळगूळ पाठवला आहे. पोस्टानं त्याचा चुरा केला असेल तर चुरा खा.

आमच्या बारवेचं पाणी पिऊन तू एवढा झालास, मॅट्रिक झालास, आणि आता त्या पाण्यात किडे दिसायला लागले. असो. शिकल्याचा उपयोग झाला म्हणायचा. तुझ्या आतोबांनी आरती झाल्यावर पत्रक देवळात मोठ्यानं वाचलं. त्यांना ती भाषा फार आवडली. दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी काही लोकांनी हात जोडले.

किराणा दुकानवाले महादेवप्पा उठले आणि विचारते झाले की किडा जिवंत असतो का. हे म्हणाले, असावा. मग महादेवप्पा बोटं मोजू लागले. सात पिढ्यांत ज्यांच्या घरात अंडं आलं नाही त्यांनी आजवर किती जीव गिळले याचा हिशेब ते करत असावेत. त्याच संध्याकाळी त्यांनी ठेवणीतला रेशमी रुमाल काढून घागरीला बांधला. ते पाहून मानसिंग पाटलांनी लग्नातला जरीचा शेला काढला, कारण वाण्याचं वस्त्र पाटलाच्या वस्त्राहून उत्तम असून चालत नाही. आता गावात ज्याच्या त्याच्या घागरीवर पेटीतलं काहीतरी आहे. पाणवठा लग्नघरासारखा दिसतो.

आमच्या घरची काळजी नको. शुद्ध आणि उत्तम असं वस्त्र या घरात एकच आहे, ते कोणतं हे तुला सांगायला नको. तेच लावलं. सोवळ्यात पाणी आणते, सोवळ्यातच गाळते. यशोदेला त्याशिवाय घोट मिळणार नाही.

आपल्या शेतावर येणारी दगडाबाई, तुला आठवत असेल. नवरा, निंगप्पा, कामाचा नाही, चार पोटं तिच्या दोन पायांवर. तिला लागोपाठ तीन वर्षं नारू झाला, उजवा गुडघा आता पुरता वळत नाही. तिनं विचारलं, उत्तम वस्त्र सरकार देणार हाय का? मी म्हटलं, सरकार पत्रक देणार. ती बरं म्हणून गेली.

तुझी,
आत्या


सोलापूर,
२९ जानेवारी १९२५

ती. सौ. आत्यास,

साष्टांग नमस्कार. चुरा खाल्ला.

तुझं पत्र साहेबांना भाषांतर करून वाचून दाखवलं. त्यांनी वर्षअखेरीच्या रिपोर्टात "निंबहळ्ळी गाव पूर्णपणे गाळीत आहे" असं वाक्य घालायला सांगितलं. माझं नाव इंग्रजीत प्रथमच छापून येईल.

उत्तम वस्त्र कोणतं ते ओळखलं. आतोबांचं नागपुरी धोतर. त्याच्या जागी दुसरं मी घेऊन देईन.

यज्ञेश्वर


निंबहळ्ळी,
वैशाख, १९२५

चि. यज्ञास आशीर्वाद.

यशोदेला मुलगा झाला हे तुला कार्डानं कळवलंच आहे. नाव कमलाकर ठेवलं. रंग तिच्या सासरचा, आवाज आपल्याकडचा. दोघं खुशाल आहेत, ज्येष्ठात तिला सासरी केमला पोचवू.

आता दुसरं. तू बेअब्रू केलीस बाबा. पौषापासून गाव गाळून पितो आहे आणि चैत्र लागल्यापासून एकवीस माणसं नारूनं पडली. गेल्या साली एकोणीस होती. पाटलांच्या दोन्ही पायांना आहे. महादेवप्पा पोटरीवर काडी बांधून दुकानात बसतात आणि येणाऱ्या गिऱ्हाईकाला तुझं पत्रक वाचून दाखवतात. दगडाबाईला चौथ्यांदा झाला, या खेपेला घोट्यात. लोक म्हणतात, गाळल्यानं नारू वाढतो. पूर्वी पाण्याबरोबर वाहून जायचा, आता अडतो. हे त्यांचं शास्त्र. मी तुझ्या बाजूनं भांडते, पण काय म्हणून भांडायचं ते कळव.

आत्या


सोलापूर,
१९ मे १९२५

ती. सौ. आत्यास,

साष्टांग नमस्कार. चूक माझी. पत्रकात एक वाक्य राहिलं. नारू पोटात गेल्यापासून बाहेर यायला सुमारे एक वर्ष लागतं. म्हणजे यंदा जो निघतो आहे तो गेल्या उन्हाळ्याच्या पाण्यातला. पौषात गाळायला लागलात त्याचा गुण पुढच्या चैत्रात दिसेल. तोवर गाळणं सोडू नका. ज्याला नारू झालाय त्यानं बारवेत पाय बुडवू नये, हेही सांग. दगडाबाईला माझ्याकडून मुद्दाम सांग.

यज्ञेश्वर


निंबहळ्ळी,
ज्येष्ठ, १९२५

चि. यज्ञास,

सांगितलं. म्हणजे औषध आज आणि गुण पुढच्या वर्षी. पाटील म्हणाले, अशी तारीख सरकारच देऊ जाणे. निम्म्या लोकांनी वस्त्रं धुऊन पेटीत ठेवली. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघून गाळतात. मी सोडणार नाही.

आत्या


केम,
५ एप्रिल १९२६

ती. यज्ञादादास,

यशोदेचा नमस्कार. हे पत्र वाचून फाडून टाक आणि आईला कळवू नको.

माझ्या डाव्या घोट्याला नारू निघाला आहे. आज अकरावा दिवस. केममध्ये कुणाला नारू होत नाही, हितं आडाचं पाणी पोहऱ्यानं काढतात, आडात कुणी उतरत नाही. शेजारणी बघायला येतात. मामंजी स्टेशनवर पार्सलबाबू आहेत ते तुला ठाऊक आहे. ते बोलतात ते पावती फाडल्यासारखं. त्यांनी माझा पाय पाहिला, पंचांग पाहिलं, आणि म्हणाले, "वर्षापूर्वी सूनबाई कुठं होती?" सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी सांगितलं आहे की निंबहळ्ळीचा नारू बंद होईपर्यंत मी आणि कमलाकर माहेरी जाणार नाही. ते रागानं बोलले असते तर मी रडले असते. ते बरोबर बोलले, म्हणून काही करता येत नाही.

दादा, आई माझ्यासाठी रोज पहाटे पाणी गाळायची. मी अंथरुणातून बघत असायची. एक घोट न गाळलेला दिला नाही तिनं. मग हा आला कुठून? कमलाकर उभा राहायला लागला आहे. मला त्याच्यामागं धावता येत नाही.

यशोदा


सोलापूर,
८ एप्रिल १९२६

ती. सौ. आत्यास,

साष्टांग नमस्कार. एक सरकारी काम आहे. गावात कोण कोणत्या वस्त्रानं गाळतं, त्या प्रत्येक वस्त्राचा हातभर तुकडा पाठव. हातभर न मिळाला तर वीतभर. आणि यंदा कोणाच्या घरी नारू आहे त्याची यादी. कारण विचारू नकोस, साहेबांनी मला सांगितलेलं नाही.

यशोदा खुशाल आहे.

यज्ञेश्वर


निंबहळ्ळी,
अक्षय्य तृतीया

चि. यज्ञास आशीर्वाद.

सरकारी काम असं झालं. पाटलांनी शेल्याचा तुकडा द्यायचं नाकारलं, मग मी पाटलीणबाईंकडे गेले, त्यांनी कापून दिला आणि उंदरानं नेला असं सांगायचं ठरवलं. महादेवप्पांनी रुमाल आख्खा दिला, म्हणाले, न्या, माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. दगडाबाईच्या तुकड्याला तुकडा म्हणायचं की नाही ते तूच ठरव. मी तो नुसता चुरगाळून घालणार होते, पण तिनं घडी घालूनच दिला आणि मोडू नका म्हणाली. आमच्या घरचा वीतभर आहे. कापताना जीव तुटला. आईनं लग्नात दिलेलं, तीस वर्षं जपलेलं.

यादी वेगळ्या कागदावर आहे. चौदा घरं. पाटील आहेत, महादेवप्पा आहेत. ज्यांनी वस्त्रं पेटीत ठेवली तेही आहेत आणि ज्यांनी नाही ठेवली तेही आहेत. म्हणजे तुझं पुस्तक आणि त्यांचं शास्त्र यांत डावं उजवं करायला जागा उरली नाही. नवल एवढंच की दगडाबाईला यंदा नाही. चार वर्षांनंतर पहिलं वर्ष. दैव थकलं असेल तिच्यामागं लागून.

माझा गुडघा जरा धरला आहे, म्हणून बारवेवर जरा बेतानं जाते. वय झालं. यशोदेचं पत्र महिनाभर नाही. तुला येतं का?

आत्या


सोलापूर,
३० मे १९२६

ती. सौ. आत्यास,

नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. सरळ लिहितो.

एका जुन्या बारवेचं पाणी कळशीभर आणलं. त्यात किडे आहेत हे भिंगातून पाहून घेतलं. पांढरी बशी ठेवली आणि तू पाठवलेल्या एकेका तुकड्यातून पाणी ओतलं. पाटलांच्या शेल्यातून किडे गेले. जाताना जरीलासुद्धा लागले नाहीत. महादेवप्पांच्या रेशमी रुमालातून गेले. आणि तुझा तुकडा उलगडला तेव्हा मी कळशी खाली ठेवली. मी दीड वर्ष आतोबांचं नागपुरी धोतर डोळ्यांपुढे धरून बसलो होतो. ती तुझी धाबळी निघाली. सोवळ्यात नेसायची लोकरीची धाबळी. लोकर कधी ओवळी होत नाही, तेव्हा त्या घरात तिच्याहून शुद्ध आणि उत्तम काही नाही, हे मला कळायला हवं होतं. ओली झाली की तिची वीण सैल पडते. तिच्यातून किडेच काय, मोहरीही गेली असती.

साखर पेठेतल्या एका विणकराला तुकडे दाखवले. त्यानं नुसतं बोटानं चाचपून सांगितलं की पहिली तीन वस्त्रं मिरवायची आहेत, चौथं वापरायचं.

चौथा तुकडा दगडाबाईचा. जुनं सुती लुगडं, धुऊन धुऊन दाट झालेलं, भोकं पडलेलं, चार घड्यांचं. बशीत एकही किडा उतरला नाही. मी तीनदा ओतलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहितो ते. इंग्रजी पत्रकात शब्द होता "फाइन". कापडाच्या बाबतीत त्याचा अर्थ दाट, बारीक विणीचं. मी केलं "उत्तम". बारीक लिहिलं तर साधं वाटलं असतं. माझ्या त्या एका शब्दापायी गावानं पेट्या उघडल्या आणि घरातलं सर्वांत निरुपयोगी कापड घागरीला बांधलं.

यशोदेला नारू निघाला आहे. दोन महिने झाले. आता बरी आहे, चालते. तिनं तुला कळवू नको म्हटलं होतं. तिची शपथ मी मोडतो आहे. तिचे मामंजी म्हणतात की निंबहळ्ळीचा नारू थांबेपर्यंत तिला आणि कमलाकरला पाठवणार नाहीत. मला त्यांच्यावर रागावता येत नाही.

आणि तुझा गुडघा धरलेला नाही. नारू असलेली चौदा घरं तू लिहिलीस आणि आपलं वगळलंस. यशोदा प्याली तेच पाणी तूही प्यालीस.

दगडाबाई घडी कशी घालते ते विचारून कळव.

अपराधी,
यज्ञेश्वर


निंबहळ्ळी,
ज्येष्ठ, १९२६

चि. यज्ञास आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. तुझे आतोबा विचारत राहिले, मी डोकं दुखतं म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र वाचून दाखवलं. मग तेही जेवले नाहीत.

पोटच्या पोरीला मी तो किडा माझ्या हातानं पाजला. रोज पहाटे, अंघोळ करून, कुणाला शिवू न देता. पाटलाघरच्या विटाळापासून तिला जपलं, दगडाबाईच्या सावलीपासून जपलं. हे आठवून रात्री उठून बसते. तू म्हणतोस चूक तुझी. तुझी चूक एका शब्दाची. तो शब्द वाचून मला आनंद झाला की उत्तम म्हणजे आम्हीच, ती चूक माझी. दोघांत वाटून घेऊ, पण मोठा वाटा माझा.

नारू मलाही आहे, डाव्या पोटरीला. वीतभर निघाला, अजून निघतो आहे. बारवेत पाय घातलेला नाही, तेवढं तुझं ऐकलं आहे. धाकटी जाऊ पाणी आणते आणि पाण्याबरोबर बोलणीही आणते.

काल काठी घेऊन दगडाबाईच्या घरी गेले. लग्न होऊन या गावात आले त्याला तीस वर्षं झाली, तिच्या दारात पहिल्यांदा गेले. ती घाबरली, तिला वाटलं कुणी गेलं. मी विचारलं, तू घडी कशी घालतेस? तिनं कमरेला खोचलेली चिंधी काढली. शेतात ओढ्याचं पाणी प्यायचं तरी ती त्या चिंधीतून पिते. म्हणाली, "बाई, उत्तम वस्त्र माज्याकडं कुटलं? तुमी सांगितलं गाळून प्या, तर हाय त्यातनं गाळलं. जुनं लुगडं, भोकंच लई. मग चार घड्या घालती, आन् भोकावर भोक येऊ देत न्हाय." मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? अंगावर नेसताना तसंच नेसती की."

यज्ञा, हे वाक्य छाप.

मग मी तिला म्हटलं की उद्यापासून आमच्या घरचं पाणी तू आण आणि तुझ्या लुगड्यातून गाळ. पिण्याचं आणि स्वयंपाकाचंही. ती म्हणाली, "माजा हात लागल्यालं चालंल तुमाला?" मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, "देवाला?" मी म्हटलं, देवाला नारू होत नाही, त्याचं त्याला वेगळं आणू.

पहिले दोन दिवस आतोबा नुसत्या दुधावर राहिले. तिसऱ्या दिवशी उन्हातून आले, घागरीजवळ गेले आणि तांब्याभर प्याले. मी विचारलं, कसं लागलं. म्हणाले, पाण्यासारखं.

केमला जाऊन नातवाला बघून ये असं तू म्हणशील. ज्या घरी माझ्या पाण्याला नाव पडलं, आणि खरं नाव पडलं, त्या घरचं पाणी प्यायला मी जाणार नाही. यशोदा इथे येईल. यंदाचा उन्हाळा आम्ही त्या धाबळीतूनच प्यालो, तेव्हा पुढच्या चैत्रातही नारू निघणारच, हे आता मला कळतं. म्हणजे त्याच्या पुढचा चैत्र. तोवर कमलाकर तीन वर्षांचा होईल. मोजून ठेवलं आहे.

आत्या


सोलापूर,
१६ जुलै १९२६

ती. सौ. आत्यास,

साष्टांग नमस्कार. नव्या पत्रकाचा मसुदा साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, जुनी नऊ हजार शिल्लक आहेत, ती आधी संपवा. मी म्हटलं, त्यात चूक आहे. ते म्हणाले, चूक असली तरी छापलेली आहे. पूर्णपणे गाळणाऱ्या गावाचं वाक्यही वरपर्यंत गेलेलं आहे, ते परत बोलावता येत नाही.

तेव्हा रोज कचेरी सुटल्यावर मी आणि शिवयोगी दौत घेऊन बसतो. "शुद्ध व उत्तम" खोडतो आणि वर लिहितो, "जुन्या, दाट, सुती लुगड्याच्या चार घड्या करून, भोकावर भोक येऊ न देता." शिवयोगींचं म्हणणं पडलं की ही भाषा सरकारी कागदाला शोभत नाही. मी त्यांना यशोदेचं सांगितलं. तेव्हापासून त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं येतं आहे. आजवर बाराशे झाली.

यज्ञेश्वर


निंबहळ्ळी,
वैशाख, १९२७

चि. यज्ञास,

ठरल्याप्रमाणे यंदाही निघाला. अकरा माणसं, त्यात मी. लोक पुन्हा कुरकुरू लागले, तेव्हा देवळाच्या पायरीवर बसून, पाय पुढे करून सांगितलं, हा गेल्या सालचा आहे, माझ्या धाबळीतला. महादेवप्पा म्हणाले, मग यंदाच्या पाण्याचं? मी म्हटलं, ते पुढच्या साली विचारा, मी कुठे जात नाही.

पाटलांनी शेला पेटीत ठेवला आणि पाटलीणबाईंचं जुनं लुगडं घेतलं. आता गावात कुणाचं लुगडं जास्त जुनं यावर चढाओढ आहे. दगडाबाईकडे घडी शिकायला बायका येतात. तिला यंदाही नाही. शेतातली धसकटं वेचायला पहिल्या दिवसापासून उभी आहे.

पार्सलबाबूंना कार्ड टाकलं, अकरा. त्यांचं उलट कार्ड आलं, "अकरा. पोचलं."

आत्या


निंबहळ्ळी,
ज्येष्ठ, १९२८

चि. यज्ञास आशीर्वाद.

चैत्र गेला, वैशाख गेला. गावात तीन निघाले, तिघंही न गाळणाऱ्या घरचे. गाळणाऱ्यांत एकही नाही. मी रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसून दोन्ही पाय चाचपत असे. आतोबांचेही चाचपले. त्यांनी लग्नानंतर इतकं लक्ष कधी दिलं नव्हतंस म्हणून सांगितलं.

केमला कार्ड टाकलं, "आमच्या घरी शून्य." आठ दिवस उत्तर नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, ते लपवत नाही. नवव्या दिवशी कार्ड आलं, "गुरुवारच्या गाडीनं पाठवतो."

यशोदा काल आली. लंगडत नाही. कमलाकर सरळ आत आला, मला म्हणाला, तू कोण? मी सांगितलं. त्यानं विचार केला आणि मांडीवर बसला. मला दोन महिन्यांचा आठवत होता, तो हा नव्हे. मी रडले, मग आवरलं, मग परत रडले.

यशोदेच्या सामानात फिरकीचे दोन मोठे तांबे होते, तोंडाला मेण लावून बंद केलेले. मी विचारलं काय आहे. ती खाली बघायला लागली. मामंजींनी पोरासाठी केमचं पाणी बरोबर दिलं होतं, दोन दिवस पुरेल एवढं, तोवर इथलं कसं काय ते बघून घ्यावं म्हणून. तिला भीती, मी काय म्हणते. मी म्हटलं, शहाणा माणूस आहे, माझ्या आधी पाणी ओळखलं त्यानं.

पोराला तहान लागली होती. दगडाबाईला हाक मारली. तिनं घागरीवर लुगडं घातलं, चार घड्या, उजेडाकडे धरून भोकं पाहिली, आणि केमचं पाणी गाळलं.

आत्या